बिग टेनमध्ये अठरा संघ कसे? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली फोडाफोडी आणि प्लेऑफचं भांडण

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेत चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १९ तारखेला इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने मायामी विद्यापीठाला २७-२१ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. वर्षानुवर्षं हरण्यासाठीच ओळखला जाणारा हा संघ सोळाच्या सोळा सामने जिंकला. २३ तारखेला दुसरी बातमी आली: पुढच्या हंगामात प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या बाद फेरीत, संघ किती घ्यायचे यावर एकमत झालं नाही, त्यामुळे तूर्त बाराच राहतील.

पहिली बातमी कुणालाही कळते. दुसरीवर मात्र तिथले लोक वर्षभर हमरीतुमरीवर आले होते, आणि बाहेरच्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आपल्याकडची मुलं एमएससाठी पर्ड्यू, ॲरिझोना स्टेट, टेक्सस ए अँड एम, रटगर्स अशा ठिकाणी जातात. फॅमिली ग्रुपवर भरलेल्या स्टेडियमचे फोटो येतात, पालक अंगठा दाखवून मोकळे होतात. त्या फोटोंमागचा कारभार समजून घ्यायचा हा प्रयत्न.

आधी पसारा केवढा आहे ते पाहू

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि चेंडू हातात घेऊन पुढे घुसायचं. खेळणारे विद्यापीठाचे विद्यार्थी, पण 'गॅदरिंगमधल्या मॅचेस' असं काही डोळ्यांसमोर आणू नका. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ते भरतं.

२०२५ च्या हंगामात सर्वोच्च स्तरावर १३६ संघ होते. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, मुख्यतः शनिवारी, प्रत्येक संघ साधारण १२ सामने खेळतो. सगळ्या भांडणाचं मूळ या दोन आकड्यांत आहे. १३६ संघ आणि प्रत्येकी १२ सामने, म्हणजे बहुतेक संघ एकमेकांशी कधी भिडतच नाहीत. सरळ गुणतक्ता लावून पहिला-दुसरा ठरवायची सोयच नाही. एकाने बारा सोपे सामने जिंकले आणि दुसऱ्याने बारा अवघड सामन्यांतले दहा जिंकले, तर वरचा कोण?

आणखी एक विचित्र गोष्ट. कॉलेज खेळांची देशव्यापी संस्था म्हणजे एनसीएए. ती बास्केटबॉलपासून पोहण्यापर्यंत सगळ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा घेते, पण सर्वोच्च स्तरावरच्या फुटबॉलची घेत नाही. तिथला प्लेऑफ कॉन्फरन्सेसच्या आणि नोत्र दाम या एका स्वतंत्र विद्यापीठाच्या हातात आहे. म्हणजे जे खेळणार, तेच नियम ठरवणार.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

कॉन्फरन्स हा विद्यापीठांचा गट. आपल्याकडच्या दूध संघासारखा त्याचा कारभार चालतो. एकटं गाव डेअरीशी दरावरून घासाघीस करू शकत नाही, म्हणून गावं दूध एकत्र करतात आणि संघामार्फत विकतात. इथलं दूध म्हणजे सामने आणि खरेदीदार म्हणजे ईएसपीएन, फॉक्स, सीबीएस, एनबीसी ही चॅनेलं. आलेला पैसा सदस्यांत वाटला जातो, बहुतेक वेळा सारखाच. आता ज्या गावाच्या दुधाला फॅट जास्त लागतं, ते कधीतरी कुरकुरणारच: आमच्या जिवावर सगळ्यांना सारखा दर का? अशात शेजारचा संघ चढा दर घेऊन दारात उभा राहिला, तर ते गाव किती दिवस थांबेल?

मुळात कॉन्फरन्सेस जन्मल्या त्या वेगळ्याच कारणासाठी. बिग टेनची सुरुवात १८९६ ची. शिकागोच्या आसपासच्या विद्यापीठांनी कोणी खेळायचं, कोणाला विद्यार्थी म्हणायचं याचे नियम ठरवायला ती काढली. रेल्वेने जाऊन यायच्या अंतरावरचे शेजारी एकत्र आले. दक्षिणेतल्या विद्यापीठांची एसईसी १९३२ ची, अटलांटिक किनाऱ्याकडची एसीसी १९५३ ची. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ चं मूळ १९१५ पर्यंत जातं. मधल्या प्रदेशातली बिग १२ ही १९९६ पासून खेळायला लागलेली, त्यामानाने धाकटी. या पाच बड्या मानल्या जायच्या. आता चारच उरल्या आहेत.

१९८४ चा निकाल, जिथून हे सुरू झालं

पूर्वी टीव्हीवर कोण किती वेळा दिसणार हे एनसीएए ठरवायची. एका संघाला दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा. घरबसल्या सामने दिसले तर स्टेडियममध्ये कोण येईल, ही त्यामागची भीती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांना हे जाचक वाटलं आणि ती कोर्टात गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा मतांनी निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. विरोधात मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. ते स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते.

निकालानंतर सामने विकायचा हक्क विद्यापीठांकडे आणि त्यांच्या कॉन्फरन्सेसकडे आला. तेव्हापासून 'आपला शेजारी कोण' यापेक्षा 'कोणासोबत राहिलो तर करार मोठा होईल' हा प्रश्न महत्त्वाचा झाला. टेक्सस भागातली जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये मोडली. २०१० नंतर नेब्रास्का, मिसुरी, मेरिलँड, रटगर्स अशी एकेक मंडळी घरं बदलत गेली. पण खरा स्फोट व्हायचा होता.

पॅक-१२ कशी कोसळली

जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बिग १२ सोडून एसईसीत जायचं ठरवलं. वर्षभराने, ३० जून २०२२ ला, लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोघांनी बिग टेनचा रस्ता धरला. पॅक-१२ मधून लॉस एंजेलिसच गेलं, म्हणजे टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने दुधातली साय गेली. उरलेल्या दहांचा नवा करार काही केल्या ठरेना. त्यातलं कोलोरॅडो जुलै २०२३ मध्ये बिग १२ कडे परतलं. ॲपलने आपल्या स्ट्रीमिंग सेवेसाठी पॅक-१२ ला देऊ केलेल्या करारात हमीची रक्कम कमी होती आणि पुढची कमाई किती लोक वर्गणीदार होतात यावर अवलंबून होती.

४ ऑगस्ट २०२३ ला सकाळी उरलेले नऊ जण सह्या करतील अशी आशा होती. त्याच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, तेही जुन्या सदस्यांच्या जेमतेम निम्म्या वाट्यावर. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये गेले. शंभरहून अधिक वर्षांची कॉन्फरन्स एका दिवसात चार विद्यापीठांवर आली. महिनाभरात स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल यांनी एसीसीत जागा मिळवली. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या नावाच्या गटात. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसाच नको म्हणून सांगितलं. आत घ्या म्हणजे झालं. मागे ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठं राहिली. बोइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना घेऊन त्यांनी २०२६ पासून पॅक-१२ पुन्हा उभी केली आहे. नाव जुनं, वजन कमी.

आज बिग टेनमध्ये १८ आणि बिग १२ मध्ये १६ विद्यापीठं आहेत. नावातल्या आकड्यांवर जाऊ नका, ती आता ब्रँडची नावं आहेत.

या सगळ्यात एक मासलेवाईक प्रकार झाला. यूसीएलए आणि कॅल ही दोन्ही एकाच सरकारी विद्यापीठ यंत्रणेची अपत्यं. यूसीएलए गेल्यामुळे कॅलचं नुकसान झालं, म्हणून यंत्रणेच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरवलं की यूसीएलएने तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर कॅलला द्यायचे. तिथल्या लोकांनी त्याला सरळ पोटगीच म्हटलं.

'पैसा जास्त मिळतोय, मग बिघडलं कुठे?'

फुटबॉलचं फारसं बिघडत नाही. वर्षाला बारा सामने, त्यातले बाहेरचे पाच-सहा, खास विमान. पण कॉन्फरन्स बदलते तेव्हा बहुतेक ठिकाणी व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, सगळेच संघ फरफटत जातात. लॉस एंजेलिसहून रटगर्स, म्हणजे न्यू जर्सी, हवाई अंतराने चार हजार किलोमीटरच्या आसपास. मुंबई-गुवाहाटीच्या जवळपास दुप्पट. आठवड्याच्या मध्यात सामना, तीन तासांचा वेळेचा फरक आणि परत येऊन परीक्षा. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या सामन्यांसाठी कोणी अब्जावधींचा करार केलेला नाही. माझ्या मते या फेरबदलांची खरी किंमत त्याच मोजतात.

दुसरं, जुनी वैरं संपली. ओक्लाहोमा विरुद्ध ओक्लाहोमा स्टेट हा शतकाहून जुना सामना नोव्हेंबर २०२३ नंतर वेळापत्रकातून गेला. ज्या घरात नवरा एका बाजूचा आणि बायको दुसऱ्या बाजूची, अशा घरांसाठी तो सणच असायचा.

आता प्लेऑफकडे: विजेता ठरवायचा कसा?

१९३६ पासून एपी या वृत्तसंस्थेसाठी क्रीडा पत्रकार मतदान करून क्रमवारी लावायचे आणि हंगामाअखेर पहिला असेल तो विजेता. प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी असायची. त्यामुळे १९९७ मध्ये एका यादीत मिशिगन पहिलं, दुसरीत नेब्रास्का. दोघेही विजेते, दोघे एकमेकांशी खेळलेच नाहीत. १९९८ पासून मतदान आणि संगणक यांचा मेळ घालून दोन संघ निवडायचे आणि त्यांचा अंतिम सामना लावायचा, अशी पद्धत आली. २००३ मध्ये तरीही एलएसयू आणि यूएससी असे दोन विजेते निघाले. २०१४ पासून चार संघांचा प्लेऑफ सुरू झाला. संघ निवडायला १३ जणांची समिती.

चारांची पद्धत २०२३ मध्ये उघडी पडली. फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा सामने जिंकलं, एसीसीचं विजेतं ठरलं, तरी समितीने त्याला वगळून एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. कारण? फ्लोरिडा स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी होता, त्याच्याविना संघ तेवढा बलवान नाही. सगळे सामने जिंकायचे आणि वर 'पुढे तुम्ही हराल असं वाटतं' हे ऐकून घ्यायचं!

२०२४ पासून बारा संघ आले. सर्वांत वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हक्काची जागा, उरलेल्या सात जागा समितीच्या क्रमवारीतून. पहिल्या वर्षी वरच्या चार विजेत्यांना पहिल्या फेरीतून सूट होती. ते चारही आपला पहिलाच सामना हरले. दुसऱ्या वर्षी ही सूट विजेत्यांऐवजी क्रमवारीतल्या पहिल्या चौघांना दिली.

७ डिसेंबर २०२५ चा रविवार

समितीचं काम किती नाजूक असतं याचा हा नमुना. हंगामातले शेवटचे सामने उरले होते तेव्हा क्रमवारीत नोत्र दाम दहावं, बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) अकरावं, मायामी बारावं होतं. नोत्र दाम आणि मायामी दोघांचेही १० विजय, २ पराभव. त्या शेवटच्या शनिवारी या दोघांचा सामनाच नव्हता. मैदानात उतरलं ते बीवाययू, आणि टेक्सस टेककडून ३४-७ असं सपाटून हरलं. ते खाली घसरलं आणि नोत्र दाम-मायामी एकमेकांना लागून आले. लागून आल्यावर समितीने त्यांची थेट तुलना केली आणि तेव्हा आठवलं की ऑगस्टअखेर मायामीने नोत्र दामला २७-२४ असं हरवलं होतं. निकाल: मायामी दहावं, आत. नोत्र दाम अकरावं, बाहेर.

अकरावं बाहेर कसं, बारा जागा होत्या ना? तर शेवटच्या दोन जागा विसावं तुलेन आणि चोविसावं जेम्स मॅडिसन या छोट्या कॉन्फरन्सेसच्या विजेत्यांना हक्काने गेल्या. एसीसीचं विजेतेपद ड्यूकने मिळवलं होतं, पण पाच पराभवांमुळे ते पहिल्या पाच विजेत्यांत बसलं नाही. चिडलेल्या नोत्र दामने प्लेऑफबाहेरच्या संघांसाठी असलेला दुसरा कुठलाही सामना खेळायला नकार देऊन हंगामच गुंडाळला. आणि कसंबसं आत आलेलं मायामी थेट अंतिम सामन्यात पोचलं.

२०२६ पासून चारही बड्या कॉन्फरन्सेसच्या विजेत्यांना जागा पक्की आहे, आणि नोत्र दाम पहिल्या बारात असेल तर त्यालाही.

मग पुढचे प्रस्ताव कोणते?

पहिला, सोळा संघांचा: पाच विजेते हक्काने, अकरा क्रमवारीतून. २०२५ मध्ये एसईसी, एसीसी आणि बिग १२ यांचा कल याच्याकडे होता. एसईसीचं गणित सरळ आहे. आपली कॉन्फरन्स सर्वांत कठीण, तेव्हा समिती आपल्यालाच जास्त जागा देईल. २०२५ मध्ये तिचे पाच संघ आत होतेच.

दुसरा, बिग टेनच्या डोक्यातून निघालेला: जागा आधीच वाटून टाकायच्या. बिग टेनला चार, एसईसीला चार, एसीसी आणि बिग १२ ला दोन-दोन, छोट्यांना एक आणि तीन जागा खुल्या. त्यावर खूप टीका झाल्यावर बिग टेनने २४ संघांची कल्पना पुढे केली.

निर्णय कोणाच्या हातात? एसईसी आणि बिग टेन या दोघींच्या. २०२४ मध्ये झालेल्या समझोत्यात इतरांनी हा अधिकार त्यांना जवळपास सोपवून टाकला, कारण नाही म्हटलं तर या दोघी वेगळी चूल मांडतील ही धास्ती होती. ईएसपीएन प्लेऑफसाठी वर्षाला सरासरी १.३ अब्ज डॉलर देणार आहे आणि त्यातला प्रत्येकी सुमारे २९ टक्के वाटा या दोघींचा आहे. जानेवारी २०२६ मध्ये एसईसीचे प्रमुख ग्रेग सँकी सोळावर आणि बिग टेनचे प्रमुख टोनी पेटिटी चोवीसवर अडले. म्हणून बारा.

संघांनी घरं बदलली आणि प्लेऑफचा नियम बदलतोय, या दोन बातम्या वेगळ्या वाटतात. पण आधी चांगले संघ दोन गटांत गोळा झाले, आणि आता ते गट आपल्या जागा कागदावर पक्क्या करून मागत आहेत.

'छोट्यांना घेऊन उपयोग काय? ते तर मार खातात'

खातात. तुलेन ४१-१० हरलं, जेम्स मॅडिसन ५१-३४. पण त्याच प्लेऑफमध्ये एसईसीतलं मातब्बर अलाबामा इंडियानाकडून ३८-३ असं चिरडलं गेलं. मोठा पराभव हा काही छोट्यांचाच मक्ता नाही. २०१७ मध्ये यूसीएफ तेराच्या तेरा सामने जिंकलं आणि चारांच्या प्लेऑफमध्ये त्याचा विचारही झाला नाही. पठ्ठ्यांनी स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेता जाहीर करून डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. एक जागा तरी खुली ठेवली नाही, तर १३६ मधल्या निम्म्या संघांनी हंगाम कशासाठी खेळायचा?

'इतके संघ घेतले तर नेहमीच्या सामन्यांना अर्थ काय उरला?'

हा आक्षेप मला पटतो, पण अर्धाच. ओहायो स्टेट नोव्हेंबर २०२४ मध्ये घरच्या मैदानावर कट्टर वैरी मिशिगनकडून १३-१० असं हरलं आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेतं झालं. पूर्वी तो पराभव म्हणजे हंगाम संपला असता. दुसरीकडे, पूर्वी नोव्हेंबरात आठ-दहा संघांचे सामने महत्त्वाचे असायचे, आता तीसेक संघांचे असतात. बारा-सोळापर्यंत हा सौदा परवडतो. चोवीस घेतले तर तीन-चार पराभवांचे संघही आरामात आत येतील.

आणि वाटून घेतलेल्या जागा? त्यांचा एक फायदा आहे: तेरा जणांच्या समितीच्या हातात कमी राहतं, नोत्र दामसारखा रविवार टळतो. तरीही मला पाच-अधिक-अकरा बरं वाटतं. एखाद्या वर्षी बिग टेनचा चौथा संघ सुमार असला तरी त्याची जागा बैठकीच्या खोलीत आधीच ठरलेली असणं, हे खेळाच्या मुळावरच येतं. इंडियाना बिग टेनमधलंच, पण ते कॉन्फरन्समधल्या खुर्चीमुळे विजेतं झालं नाही.

खेळाडूंच्या हाती काय पडतं?

बराच काळ काही नाही, शिष्यवृत्ती तेवढी. जुलै २०२१ पासून खेळाडू जाहिरातींतून कमवू शकतात. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. त्यामुळे टीव्हीच्या पैशाची भूक आणखी वाढली, आणि पुढची फोडाफोडीही याच भुकेतून होईल अशी चिन्हं आहेत.

हा पैसा बड्या विद्यापीठांत टीव्हीतून, तिकिटांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येतो. मधल्या आणि लहान विद्यापीठांत त्याचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून जातो. जेम्स मॅडिसन हे त्याचं ठळक उदाहरण. तेव्हा मुलाच्या सेमिस्टरच्या बिलात ॲथलेटिक्स फीची ओळ दिसली तर ती कशासाठी आहे हे आता कळेल. जिथे ती घेतात तिथे सामन्याचं विद्यार्थी तिकीट बरेचदा त्यातच धरलेलं असतं. त्याला म्हणावं, पैसे भरलेच आहेत तर एखाद्या शनिवारी जाऊन ये.